हौस कुणाची, चहा कुणाचा

आमच्या भागातल्या एका हौशी रेडिओ मंडळाचं वार्षिक पत्रक हाती आलं. चार पानी, नीट छापलेलं. वर्षभरात काय काय केलं त्याचा वृत्तांत आहे. ऑक्टोबरात स्काउटच्या मुलांना परदेशातल्या स्काउटांशी रेडिओवरून बोलायला दिलं. डोंगरावर तंबू ठोकून दोन दिवस बॅटरीवर सेट चालवले. अँटेना बनवण्याची कार्यशाळा झाली. लपवून ठेवलेला ट्रान्समीटर लहरींच्या दिशेवरून हुडकून काढण्याची स्पर्धा झाली. शेवटच्या पानावर 'नव्या सभासदांचे स्वागत'. अकरा नावं. अकराही पुरुषांची. आणि त्याच्या खाली आभार : 'सभासदांच्या सौभाग्यवतींनी चहाफराळाची उत्तम व्यवस्था ठेवली.'

मंडळाचं नाव मी देत नाही. माणसं सज्जन आहेत, आणि भांडण एका मंडळाशी नाहीही. यात नवल ते काय, असं तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील. नवल नाहीच. पण मला राग आला, आणि तो सविस्तर लिहावासा वाटला, कारण त्यातला अर्धा आपल्याच संघटनांवरचा आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. हौशी रेडिओ, ज्याला जगभर 'हॅम' म्हणतात, तो आपल्या आकाशवाणीसारखा नाही. आकाशवाणीवर एक बोलतो आणि लाखो ऐकतात. हॅमच्या सेटवर ऐकताही येतं आणि बोलताही येतं. मध्ये ना कंपनी, ना टॉवर, ना महिन्याचं बिल. गच्चीवर ताणलेली तांब्याची तार, खाली सेट आणि बॅटरी. एवढ्यावर अकोल्याचा माणूस जपानच्या माणसाशी बोलू शकतो. जमिनीपासून शंभर आणि त्याहून जास्त किलोमीटर उंचीवर हवेचे काही थर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेले असतात. लघुलहरी त्या थरांवरून वळून पुन्हा जमिनीकडे येतात, आणि अशा उड्या घेत दूरवर जातात. सूर्य बदलला की थर बदलतात, म्हणून एक पट्टा दिवसा चालतो, दुसरा रात्री. हॅमला वेळ, ऋतू, आभाळ यांची वही ठेवावी लागते. आभाळाकडे बघून दिवसाचं काम ठरवणाऱ्या वऱ्हाडातल्या बाईला हे शिकवायला फार दिवस लागू नयेत.

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याचा वायरलेस विभाग देतो. त्याआधी परीक्षा असते : थोडं विजेचं आणि रेडिओचं शास्त्र, थोडे नियम. वरच्या दर्जाला मोर्सची लिपी येणं गरजेचं, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं. खालच्या दर्जाला तीही अट नाही. पदवी लागत नाही. वयाची अट बारा वर्षांची. बाईला मज्जाव करणारं एक अक्षर त्या नियमांत नाही.

मात्र या लहरींवरून प्रचार, जाहिरात, धंदा, बातम्या, गाणी यांतलं काहीही करता येत नाही. तेव्हा 'चला, बायकांचा रेडिओ काढू' असं कुणी समजू नये. तो वेगळा. तेलंगणात जहीराबादजवळ दलित शेतकरी बायकांनी २००८ साली संघम रेडिओ सुरू केला, आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग आहे. ते सामुदायिक रेडिओ, त्यांचा परवाना वेगळा, काम वेगळं. हॅम म्हणजे निव्वळ शिकण्यासाठी, एकमेकांशी बोलण्यासाठी, आणि संकट आलं तर निरोप पोचवण्यासाठी.

त्या मंडळाच्या चिटणीसांना मी सरळ विचारलं, बायका का नाहीत? ते नम्रपणे म्हणाले, "ताई, आम्ही कुणाला नाही म्हणतो? बायकाच येत नाहीत. त्यांना आवड नसते." मी विचारलं, बैठक कधी असते? रात्री साडेआठला. कुठे? हायवेवरच्या एका हॉटेलच्या मागच्या खोलीत.

बाळापूरची कुठली बाई रात्री साडेआठला हायवेवरच्या हॉटेलात बसून वाल्व्ह आणि ट्रान्झिस्टरची चर्चा करेल, आणि केलीच तर दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवेल? तिच्या भाकरी त्या वेळी तव्यावर असतात. ही वेळ कुणी बायकांना अडवायला ठरवलेली नाही, हे मला कबूल आहे. ठरवताना बाई कुणाच्या डोक्यातच नव्हती. आणि मग वीस वर्षांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणायचं, आवड नसते!

'हौशी' हा शब्दच बघा. हौस. आपल्या भाषेत पुरुष हौस करतो. बाईची हौस पुरवली जाते : आईबापांनी पुरवली, नवऱ्यानं पुरवली, डोहाळजेवणात सासूनं पुरवली. म्हणजे तिची हौस दुसऱ्याच्या खिशात. आणि तीही साडी, बांगडी, चिंचा-आवळे एवढ्यापुरती. एखाद्या बाईनं स्वतःच्या बचतीतून चार हजारांचा सेट आणला, जुन्या रेडिओचं पोट उघडून सोल्डरिंग करत बसली, तर त्याला गाव हौस म्हणणार नाही. डोकं फिरलं म्हणेल. नवऱ्यानं तेच केलं तर तो 'हुशार आहे हो, सगळं घरीच करतो'.

हॅम लोकांची स्वतःची एक सांकेतिक भाषा आहे, तारेच्या काळापासूनची. तीत पुरुष ऑपरेटर म्हणजे 'ओएम', ओल्ड मॅन. मग तो पंधरा वर्षांचा पोरगा का असेना. बाई ऑपरेटर म्हणजे 'वायएल', यंग लेडी. मग ती ऐंशी वर्षांची आजी का असेना. आणि बायको म्हणजे 'एक्सवायएल', एक्स यंग लेडी. माजी तरुणी! मुलगा पहिल्याच दिवशी अनुभवी म्हातारा, आणि बाई लग्न होईपर्यंत तरुणी, झालं की माजी. हे गमतीनं म्हणतात, माहीत आहे. आपल्यावरच्या म्हणीही लोक गमतीनंच म्हणतात. अमेरिकेत १९३९ साली एथेल स्मिथ या हॅम बाईनं पुढाकार घेऊन बायकांची रेडिओ लीग काढली. पुरुषांच्या संकेतांत '७३' म्हणजे शुभेच्छा आणि '८८' म्हणजे प्रेम आणि चुंबनं. बायकांनी एकमेकींसाठी तिसरा आकडा घेतला, '३३' : एका बाईचं दुसरीवरचं मैत्रीनं बांधलेलं प्रेम. मला हा आकडा फार आवडला. आपल्या पत्रांच्या शेवटी 'जिंदाबाद' लिहितो तिथं एखाद्या वेळी हाही लिहायला हरकत नाही.

आता आवाजाचं आणि यंत्राचं. रेडिओनं बाईचा आवाज कधी नाकारला नाही, उलट हवाहवासा मानला. निवेदिका, 'वनिता मंडळ', पाककृती, बालसंगोपन. आवाज तिचा. बटणं मात्र दुसऱ्याच्या हातात. हे किती महागात पडू शकतं त्याचं उदाहरण आपल्याच स्वातंत्र्याच्या लढ्यात आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. वय बावीस. जागा बदलत, पोलिसांना चुकवत जवळजवळ तीन महिने त्या बोलत राहिल्या. १२ नोव्हेंबरला पोलीस दाराशी आले. पत्ता कुणी दिला? त्यांच्यासाठी ट्रान्समीटर बांधणाऱ्या तंत्रज्ञानंच, पकडला गेल्यावर. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या धैर्याबद्दल आपण खूप बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण त्या गटातल्या बाईला स्वतः सेट बांधता येत असता तर, हा प्रश्न मला सोडत नाही.

मोबाईल आला आता, हॅमचं काय घेऊन बसलात, असं एका सभेत मला विचारलं गेलं. मोबाईल कुणाचा आला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या देशात ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या ३३ टक्के, पुरुष ५७. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचाही तो टॉवरवर चालतो. पूर आला, वीज गेली, टॉवर बंद. दंगल झाली, सरकारनं इंटरनेट तोडलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आपण ते पाहिलं. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात उभा आहे. पाणी चढलं की काय होतं ते नदीकाठच्या वस्तीला विचारा. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं मोवाड बुडवलं, दोनशेच्या वर माणसं गेली. ते गाव नागपूर जिल्ह्यातलं, पण नदीच्या अलीकडे आपली अमरावतीच.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळी सेट घेऊन गेली होती. २००१ ला भूजला गेली. निरोप देवाणघेवाणीचं मोठं काम त्यांनी केलं, त्याला माझा मुजरा. पण ढिगाऱ्यापाशी सेट घेऊन पुरुष उभा असतो तेव्हा त्याला निरोप कोण सांगतं? सरपंच, पोलीस पाटील, घरातला कर्ता. तंबूत बाळंतीण अडली आहे, पाळीच्या दिवसांत फाटकं लुगडंही उरलेलं नाही, पोरीला रात्री शौचाला जायची भीती वाटते, हे निरोप कुठल्या तारेनं गेले? किल्लारीनंतर घरं पुन्हा बांधताना गावागावांत बायकांना संवाद सहाय्यक म्हणून नेमलं गेलं. भिंतीला पट्टा कुठं हवा, कोपरा कसा बांधायचा, हे त्या गवंड्याला सांगायच्या. म्हणजे तांत्रिक गोष्ट बाईला कळत नाही हे मराठवाड्यातल्या बायकांनी तेव्हाच खोटं ठरवलंय. पश्चिम बंगालमध्ये हॅम लोक गंगासागरच्या जत्रेत हरवलेल्यांची घरं शोधून देतात. हरवलेल्यांत म्हाताऱ्या बायका असतात. आयुष्यभर 'अमक्याची आई' म्हणूनच ओळखलेल्या बाईला तिच्या गावाची खूण कशी विचारायची, ते दुसऱ्या बाईला लवकर सुचतं.

आणि डिसेंबर २००४. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद, संकेतनाम व्हीयू२आरबीआय, एक पथक घेऊन अंदमानला गेल्या होत्या. तिथं १९८७ नंतर हॅमला परवानगीच नव्हती. ती मिळावी म्हणून भारतीताईंनी वर्षानुवर्षं दिल्लीचे उंबरे झिजवले होते. कशासाठी? हौसेसाठी! जगभरच्या हॅमना अंदमानशी बोलायचं होतं, एवढंच. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हलली, मग समुद्र आला. फोन गेले. त्याच हौसेच्या सेटवरून पोर्ट ब्लेअर बोलू लागलं. कार निकोबारशी दुवा जोडला गेला, बेपत्ता माणसांची खबर मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत जाऊ लागली. ती बाई तिथं सेवाभावानं गेली नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती आपल्या आवडीनं, सतरा वर्षांच्या हट्टानं गेली होती. म्हणून वेळ आली तेव्हा तिच्या हाताला यंत्राची सवय होती.

आणि इथं मी आपल्याकडे वळते. बाळापुरात मुलींचा हॅमचा वर्ग घेऊ या, असं मी जिल्ह्याच्या बैठकीत मांडलं तेव्हा आपल्याच एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं, "याचा बाईला उपयोग काय?" दुसरी म्हणाली, "रोजगार हमीचे पैसे मिळत नाहीत, दारूची दुकानं हटत नाहीत, आणि तुला हे शहरी चोचले सुचतात." मैत्रिणींनो, चिटणीस म्हणतात बायकांना आवड नसते. आपण म्हणतो बाईला आवड परवडत नाही. परिणाम एकच, अकरापैकी अकरा.

उपयोग! बाईला आपण जे जे शिकवलं ते उपयोगाचं शिकवलं. शिवणयंत्र, पापड, अगरबत्ती, फार झालं तर ब्यूटीपार्लर. प्रत्येक शिबिराच्या पत्रकात 'संसाराला हातभार'. मुलग्याला सायकल दिली की तो ती खोलून बघतो, बिघडवतो, पुन्हा जोडतो. कुणी त्याला विचारत नाही की यानं संसाराला काय हातभार लागला. त्या बिघडवण्यातून तो मेकॅनिक होतो. मुलीला बिघडवायची मुभा नाही, म्हणून तिला दुरुस्तीही येत नाही. मग आपणच परिसंवाद घेतो, 'तंत्रज्ञानात स्त्रिया मागे का?' ज्या मुलीच्या दिवसात बिनकामाचा एक तास नाही तिच्यापर्यंत शास्त्र पोचत नाही. तो तास मागणं हे किमान वेतन मागण्याइतकंच आपलं काम आहे. भाकरीच्या लढ्यातून वेळ उरल्यावर करायचं म्हटलं तर तो वेळ कधीच उरणार नाही. तसं तर कुटुंबातल्या मारहाणीचा प्रश्नही आपल्याला एके काळी 'क्रांतीनंतर बघू' म्हणूनच सांगितला गेला होता.

चोचले म्हणणारीला मी बाळापुरात घेऊन जाईन. बाळापूर म्हणजे सतरंज्यांचं गाव. माग आता मोजके राहिले आहेत, पण विणकरांच्या घरातल्या मुलींचे हात अजून तसेच आहेत : बारीक धागा चिमटीत धरायची, गाठ न दिसेल अशी मारायची सवय. एकीनं पहिल्याच दिवशी सोल्डरिंगचा थेंब असा ठेवला की शिकवणारा मुलगा बघत राहिला. तिला मी संकेतनामाबद्दल सांगितलं. परवाना मिळाला की सरकार तुला एक नाव देतं. व्हीयू हा भारताचा, मग दर्जाचा आकडा, मग तीन अक्षरं. जगात दुसऱ्या कुणाचं ते नसतं. त्यात बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. जात कळत नाही, धर्म कळत नाही. लग्नानंतर बदलत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "सासरीबी हेच नाव राह्यते?" राहतं म्हटलं. तिनं दुसऱ्या दिवशी दोन मैत्रिणी आणल्या.

आणि तिच्या आईनं जो प्रश्न विचारला त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. "बाई, ते मशीन घरात ठिवलं अन् उद्या कुठी काई झालं, तं पोलीस पहिले आमच्याच घरी येतीन ना?" बिनतारी सेट, मुसलमान मोहल्ला, वयात आलेली मुलगी. त्या बाईला गावाचा इतिहास माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. परवाना दाखवू म्हणावं, तर परवाना वाचून घेण्याइतका वेळ देणारा हवालदार भेटेलच याची हमी मी कुठून देऊ? मंडळातल्या त्या अकराजणांपैकी एकालाही हा प्रश्न कधी स्वतःला विचारावा लागला नसेल. 'सर्वांना दार खुलं आहे' म्हणणाऱ्यांनी आधी या आईच्या दारात उभं राहून ते वाक्य म्हणून बघावं.

माझ्यापुरता एक मार्ग दिसतो. व्यक्तीसारखाच संस्थेच्या नावानंही क्लब-स्टेशनचा परवाना मिळतो, एक जबाबदार परवानाधारक असला म्हणजे झालं. सेट मुलीच्या घरी ठेवायचा नाही, संघटनेच्या कार्यालयात ठेवायचा, फलक लावून, नोंदवही ठेवून, पोलीस ठाण्याला आणि तहसीलदाराला आपणहून कळवून. उद्या दार वाजलंच तर ते आपल्या सगळ्यांचं वाजेल. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग ठीक हाय. पन तुमी तवा तिथं राहजा."

मंडळाकडे आमचं मागणं साधं आहे. बैठक रविवारी दुपारी घ्या, वाचनालयात घ्या. मुलींना शिकवायला बाई हॅम मिळत नसेल तर नागपूर-पुण्याहून बोलवा, प्रवासखर्च आम्ही गोळा करू. मराठीत वाचायला फार थोडं आहे, तुमच्या टिपणांची मराठी प्रत करू द्या. लहरींवर बाईचा आवाज आला की सगळे तिच्याचवर तुटून पडतात, तिला बोलायला सुचत नाही, ही तक्रार जगभरच्या बायकांची आहे. आपल्या सभासदांना तेवढी शिस्त लावा. आणि पुढच्या पत्रकात चहा करणाऱ्यांची नावं छापा. सौभाग्यवती म्हणून नको, नावानं. दर वेळी त्यांनीच का केला, हेही त्याखाली छापलंत तर उत्तम.

संघटनांकडे मागणं जरा जास्त आहे, कारण तुमच्यावर हक्क आहे. जिच्या कार्यालयाला गच्ची आहे, कुलूप लागणारं कपाट आहे, त्या प्रत्येक संघटनेनं दोन मुली निवडाव्यात. कार्यकर्त्यांच्याच मुली नकोत. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. परीक्षेला मुलगी निघाली तर सोबत एकीनं जावं, एक रात्र राहावं लागली तर सोय करावी, आणि घरच्यांशी बोलायला परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, आतापासूनच जावं. बाळापुरात आम्ही पाचजणी झालो आहोत, त्यात मीही आहे. या वयात मोर्स पाठ करते, मिनिटाला तीन शब्दांवर अडले आहे. सोल्डरिंगची एकच कांडी आहे, ती पाळीनं वापरतो. कुणाकडे जुना, बंद पडलेला ट्रान्झिस्टर असेल तर फेकू नका. आम्हाला खोलायला हवा आहे.